द्रुतगती परिचर्या पदवी
अन्य विषयातील पदवी हाती असलेल्यांसाठी आखलेला परिचर्येचा संक्षिप्त पदवीक्रम. अमेरिकेत त्याची सुरुवात सेंट लुईस विद्यापीठात १९७१ मध्ये झाली. आधी शिकलेल्या सामान्य विषयांची सूट मिळते. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र आधीच झालेले असावे लागते आणि उरलेला भाग साधारण ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतो. रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाला मात्र सूट नसते. त्यामुळे हा क्रम छोटा असला तरी सोपा नाही.

भारतात असा क्रम नाही. टिटवाळ्याहून रोज कसारा लोकलने ठाणे-मुंबई गाठणाऱ्या बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पदवीधराला परिचारिका व्हायचे झाले, तर बारावीच्या पात्रतेवर पुन्हा पहिल्या पायरीवरच उभे राहावे लागते: चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग किंवा तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी लागते, म्हणजे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ते दार बंदच, जी.एन.एम.ला अन्य शाखाही चालतात. जुन्या पदवीचे श्रेयांक न धरणे हा या व्यवस्थेतील खरा दोष होय.

दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग वरवर द्रुतगती पदवीसारखीच दिसते, पण ती नोंदणीकृत जी.एन.एम. परिचारिकांसाठी आहे. अभ्यासक्रमांचे निकष भारतीय परिचर्या परिषद ठरवते. राज्यात पदवी परीक्षा मुख्यतः नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते आणि नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते.