पुरून ठेवलेला तालांत

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील तिसऱ्या दासाला आपण आळशी ठरवून मोकळे होतो. इतिहास मात्र क्षणभर त्याची बाजू घेतो. तालांत हे वजनाचे माप. चांदीचा एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसभराची मजुरी. म्हणजे या दासाच्या हाती जवळजवळ वीस वर्षांची मिळकत सोपविली होती. अशी ठेव जमिनीत पुरणे त्या देशात शहाणपणाचेच मानीत. कुमरान येथे १९५५ साली तीन मडक्यांत ५६१ चांदीची नाणी सापडली. इ. स. ७० मध्ये यरुशलेम पडल्यावर ढिगाऱ्यांखाली पुरलेले सोने-चांदी रोमनांनी उकरून काढले, असे इतिहासकार योसेफस सांगतो. पुरणारे गेले, पुरलेले परक्यांच्या हाती लागले.

मग दासाचा अपराध कोणता? त्याने अफरातफर केली नाही. ठेव जशीच्या तशी परत केली. परंतु धन्याने विश्वासाने दिलेले त्याने भीतीने स्वीकारले. पाच तालांतवाल्याला आणि दोनवाल्याला शाबासकी मात्र सारखीच मिळाली. म्हणजे धन्याने नफ्याचा आकडा मोजला नाही.

हा दाखला वाचताना मला आजीची सामवेदी बोली आठवते. ती मी मनात जपली आहे, एक शब्दही हरवू दिलेला नाही; पण नातवंडांशी त्या बोलीत कधी बोललो नाही. हिशेबाच्या दिवशी मीही म्हणेन, ‘प्रभो, तुझी ठेव सुरक्षित आहे.’ आणि तेच माझ्यावरील आरोपपत्र ठरेल.