एलएम३८६ वापरून पहिला ॲम्प्लिफायर

एलएम३८६ ही आठ पायांची छोटी आयसी. नाशिकमध्ये सुट्या भागांच्या दुकानात विचारा, नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. सुरुवात ९ व्होल्टच्या बॅटरीवरच करा. चुकलात तर फार तर आयसी जळेल; २३० व्होल्टवर जिवावर बेतू शकतं.

पाय ६ ला बॅटरीचा प्लस, २ आणि ४ ग्राउंडला. मोबाईलचा सिग्नल १० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटमधून ३ वर. पाय ५ आणि ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, कारण ५ वर बॅटरीच्या निम्मं डीसी व्होल्टेज असतं. ते थेट गेलं तर स्पीकरची कॉइल तापते.

१ आणि ८ मोकळे ठेवले की गेन २० पट. मध्ये १० मायक्रोफॅरड जोडला की २००, पण मोबाईलला २० पुरे. उगाच खरखर वाढते.