पळणारी फौज

आमच्या पाटणला आश्विन सरत आला की घरोघरच्या अंगणात किल्ले उभे राहू लागतात. केरा आणि कोयना यांच्या संगमावरचे गाव; मातीला तोटा नाही. पोरे दगडांवर चिखल थापतात, उतारावर अळीव पेरतात, माथ्यावर महाराजांना बसवतात आणि बुरुजाबुरुजावर मावळे मांडतात. वर खरा दातेगड हे सारे निमूटपणे पाहत असतो. या मातीच्या शिपायांविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. ते कधी पळत नाहीत. त्यांच्यासमोर मांडलेला गनीमही जागचा हलत नाही. त्याला हलवावे लागते ते भाऊबीज झाल्यावर, डब्यात भरण्यासाठी.

पुण्याहून सुट्टीला येणारा माझा पुतण्या हल्ली फाशांचा एक खेळ बरोबर आणतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथेकरी होतो, बाकीचे वीर. कथेकऱ्याने प्रसंग सांगायचा, वीरांनी आपण काय करणार ते बोलायचे आणि निकाल फाशांनी द्यायचा. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून या प्रकाराची सुरुवात केली. मी शेजारी बसून पाहिले. खिंडीत दहा लुटारू आडवे आले. नऊ पडले, तरी दहावा तलवार परजून पुढे!

"अरे, यातला एकालाही जिवाची भीती कशी नाही?" मी विचारले.

"काका, ते पळून गेले तर आपण जिंकलो असे कसे म्हणायचे?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हां पाटणकरांना फार लांब जावे लागत नाही. कोयनेच्या काठाने वर गेले की पुरे.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान पडला. खानाची फौज तेव्हा पार गावाजवळ तळ देऊन होती. तिचे हत्ती, घोडे, उंट, तोफा सारे शाबूत होते. नुसती मोजदाद केली तर ती फौज त्या घटकेला हरलेली नव्हती. पण सरदार गेला, वर गडावरून इशारत झाली आणि रानातून मावळे चालून आले. जावळीचे ते दाट अरण्य. घोडदळाला ना फिरायला मोकळे मैदान, ना निघायला ओळखीची वाट. काही तुकड्या नेटाने लढल्या. बाकीच्यांचा धीर सुटला. सभासदाने पाडावाची यादी दिली आहे: ६५ हत्ती, ४ हजार घोडे, १२०० उंट. फौज असे धन टाकून जाते ते शिपाई संपले म्हणून नव्हे, त्यांचा विश्वास संपला म्हणून. आणि मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. जो शरण आला त्याला महाराजांनी मारले नाही. शस्त्र टाकले तर जीव वाचतो ही बातमी एकदा पसरली की पुढच्या लढाईत ती एखाद्या पथकाचे काम करते.

खेळाच्या पुस्तकांतही ही अक्कल पूर्वी होती, हे मला मागाहून कळले. १९८१ साली निघालेल्या त्याच खेळाच्या एका आवृत्तीत प्रत्येक शत्रूच्या धैर्याला २ ते १२ पर्यंत आकडा दिलेला असे. बाजूचा पहिला गडी पडला की दोन फासे टाकायचे. निम्मे कामी आले की पुन्हा टाकायचे. फाशांची बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली तर शत्रू पळेल किंवा शरण येईल. नियम साधा आहे, पण तो मांडणाऱ्याला माणूस कळला होता. पुतण्याला मी एवढेच सुचवले की सरदार पडला की एक फेरी जास्त धर, आणि पाठीमागे वाट मोकळी आहे की नाही तेही बघ.

कारण त्या वाटेवर बरेच अवलंबून असते. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखान असाच कोंडला गेला. पुढे मावळे, मागे मावळे, पाण्याचे हाल. रायबागन बरोबर होती. तिने शरण जाण्याचा सल्ला दिला. महाराजांनी खंडणी घेतली आणि वाट दिली. कोंडलेला माणूस जीव महाग विकतो. त्याला जाऊ दिले तर आपली माणसे वाचतात. सिंहगडावर १६७० साली हेच ज्ञान उलट्या बाजूने वापरले गेले. तानाजी पडताच मावळे मागे फिरले. तेव्हा सूर्याजीने त्यांना दोर तुटल्याचे सांगून पुन्हा झुंजायला लावले, असे परंपरा सांगते. मावळ्यांनाही भीती वाटली होती, हे आपण गोष्ट सांगताना भरकन ओलांडून जातो. मला तर त्यामुळे ते अधिक मोठे वाटतात.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी दोन्ही फौजांची कसोटी एकाच दिवशी लागली. आधी अफगाण कचरले. त्यांचा वजीर शहावलीखान पळणाऱ्या आपल्याच लोकांना हाका मारीत राहिला. अब्दालीने शिस्तीचे स्वार पाठवून पळपुट्यांना मागे हाकले आणि राखीव फौज पुढे घातली. पुढे विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी लांबवरच्या शिपायांना दिसली. मागे हाकायला आपल्याकडे कोणी ठेवलेलेच नव्हते.

असो. जावळीतून निसटलेल्यांचे काय झाले? खानाचा मुलगा फाजलखान त्यात होता. त्याला वाट कोणी दाखवली, याबद्दल साधनांत एकमत नाही. ग्रँट डफ लिहितो की कोयनेच्या काठाकाठाने, आडरानातून त्याला कऱ्हाडास पोचवले गेले. कोयना हेळवाकपर्यंत दक्षिणेला उतरते, तेथे पूर्वेला वळते आणि आमच्या गावावरून कऱ्हाडला जाते. काठाने जायचे तर पाटण चुकत नाही. बापाचे प्रेत मागे ठेवून तो तरुण या बाजूने गेला असेल, तेव्हा पाहणाऱ्याला वाटले असेल की याचा कारभार आटोपला. पण सात आठवड्यांनी, २८ डिसेंबरला, कोल्हापुराजवळ तो रुस्तुमेजमानबरोबर पुन्हा रणात उभा होता. तिथेही फौज मोडली आणि तो पुन्हा निसटला. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, त्या छावणीतही फाजलखान होताच.