स्क्रममधल्या जागांची कुळकथा

रग्बीच्या स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांत अडकतात, रेटतात आणि चेंडू पायाने मागे ओढतात. त्यातल्या प्रत्येकाची जागा आज ठरलेली असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जो आधी पोचेल तो पुढच्या रांगेत, उशिरा येणारे मागे, असा सरळ हिशेब होता. फॉरवर्ड म्हणजे रेटणारा. तो कुठे रेटतो, हे कोण बघतो!

१९०५ साली न्यूझीलंडचा संघ दौऱ्यावर आला आणि हे चित्र बिघडलं. त्यांच्या स्क्रममध्ये सातच गडी, दोन-तीन-दोन असे, पण जो-तो आपल्या जागेचा वाकबगार. आठवा म्हणजे कप्तान डेव्ह गॅलहर. तो बाहेर राहून चेंडू आत टाकी आणि आपल्या हाफला, म्हणजे स्क्रममागून चेंडू उचलणाऱ्या गड्याला, आडोसा देई. क्रिस्टल पॅलेसला इंग्लंड १५-० असं हरलं. गॅलहर खेळात अडथळा आणतो, म्हणून ओरड बरीच झाली. जागा वाटून देण्यातली मेख मात्र फारशी कुणी मनावर घेतली नाही.

ती घेतली वेव्हेल वेकफिल्डने. जन्म १८९८चा, शाळा सेडबर्गची, पुढे हवाई दल. तिथे तो ४४० यार्डांच्या शर्यतीतला विजेता. अशाला दिवसभर नुसतं रेटायला लावणं म्हणजे शर्यतीचा घोडा घाण्याला जुंपणं. १९२० साली स्वान्सीला वेल्सविरुद्ध तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. त्यात मार खाल्ला, १९-५.

त्याने मागच्या रांगेला रेटण्यापलीकडचं काम दिलं. चेंडू समोरच्यांनी जिंकला की एकाने थेट त्यांच्या फ्लाय-हाफवर, म्हणजे हाफकडून चेंडू घेणाऱ्यावर, झडप घालायची, दुसऱ्याने आडवं धावून पुढची वाट बंद करायची. टॉम व्हॉइससारखा जोडीदार होता, आणि ऑफसाइडचा तेव्हाचा नियमही या शिकारीला सोयीचा होता. १९२१, १९२३ आणि १९२४ या तिन्ही हंगामांत इंग्लंडने चारही प्रतिस्पर्ध्यांना हरवलं. वेकफिल्डचे ३१ सामने हा इंग्लंडचा विक्रम १९६९पर्यंत टिकला.

श्रेयाचं माप मात्र मला तिरपं वाटतं. समोरच्या हाफचं जगणं नकोसं करणं, हे गॅलहरने केलं तेव्हा लबाडी. वेकफिल्डने केलं तेव्हा शास्त्र! १९२५ साली ट्विकनहॅमला वेकफिल्ड इंग्लंडचा कप्तान असताना न्यूझीलंडचा एक खेळाडू सुरुवातीलाच बाहेर काढला गेला, तरी उरलेल्या १४ जणांनी सामना १७-११ असा नेला. पुढे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढच्या रांगेत तिघं सक्तीचे झाले आणि दोन-तीन-दोन मोडीत निघालं. आजची तीन-चार-एक ही मांडणी दक्षिण आफ्रिकेने रूढ केली.