एका बिटाची जागा

६४ जीबी मेमरीचा सर्व्हर घेतला आणि त्यावर लिनक्स चढवलं, की त्यातला साधारण १ जीबी हिशेब ठेवण्यातच जातो. त्यात तुमचा प्रोग्राम नसतो की तुमचा डेटा. असतं ते फक्त उरलेल्या मेमरीचं दप्तर.

गणित सोपं आहे. कर्नल (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, फौजेतला कर्नल नव्हे) मेमरीचे ४,०९६ बाइटांचे तुकडे पाडतो. या तुकड्याला पेज म्हणतात, मी पान म्हणेन. ६४ जीबीत अशी १,६७,७७,२१६ पानं बसतात. प्रत्येक पानामागे ६४ बाइटांची एक नोंद, तिचं नाव 'स्ट्रक्ट पेज'. गुणाकार केला की बरोबर १ जीबी येतो. पान वापरात असो वा पडीक, नोंद असतेच. आपल्याकडे प्रत्येक गटाचा सातबारा असतो, जमीन कसलेली असो वा नसो, तसंच.

या लेखाचा विषय आहे त्या सातबाऱ्यावरचा एकच रकाना: फ्लॅग्ज. पानाची सद्यस्थिती सांगणारे हे एकेक बिट. पानावर कुणाचा तरी ताबा आहे. पानातला मजकूर बदललाय पण डिस्कवर लिहिलेला नाही. पान अलीकडे वापरलं गेलंय. पानाखालची चिप खराब झालीय, इथे कुणी फिरकू नये. प्रत्येक खूण म्हणजे एक बिट, हो किंवा नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तेवढाच या खुणेचा जीव. पण प्रवासी त्या रुमालाला मान देतात म्हणून तर गाडी भरते.

आणि हे रुमाल मोजके आहेत. ३२ बिटी यंत्रावर सगळ्या खुणांना मिळून एक ३२ बिटांचा शब्द. त्याच शब्दाच्या वरच्या टोकाला पान मेमरीच्या कुठल्या विभागातलं, कुठल्या नोडवरचं, हेही कोंबलेलं. खुणांसाठी उरतात वीस-पंचवीस बिट. मग आणखी एक शब्द का जोडत नाहीत? ३२ बिटी इंटेल यंत्रांना एका जुगाडाने ६४ जीबीपर्यंत मेमरी लावता येत असे, पण कर्नलला थेट हात घालता येईल अशी मेमरी जेमतेम ८९६ एमबी. नोंद ३२ बाइटांचीच धरली तरी त्यातले ५१२ एमबी दप्तरात जातात. त्यात प्रत्येक नोंदीला चार बाइट जोडा, आणखी ६४ एमबी गेले. म्हणून 'माझ्या सोयीसाठी एक नवा फ्लॅग हवा' असं म्हणत येणाऱ्याला लिनक्सच्या मेमरीवाल्यांकडून बहुधा थंड स्वागत मिळे. मला त्यात खडूसपणा दिसत नाही. एका बिटाची मागणी ही प्रत्यक्षात पावणेदोन कोटी बिटांची मागणी असते.

ही कंजुषी लिनक्सपेक्षा जुनी आहे. मँचेस्टरचं अ‍ॅटलस १९६२ साली सुरू झालं. पानांची कल्पना तिथे पहिल्यांदा यंत्रात उतरली. मुख्य मेमरीत ५१२ शब्दांची फक्त ३२ पानं, बाकी सगळं फिरत्या ड्रमवर. जागा हवी झाली की कुठलं पान ड्रमवर परत पाठवायचं? त्यासाठी प्रत्येक पानाला 'वापर झाला' असं सांगणारा एक बिट दिला होता. यंत्र तो बिट लावायचं, सुपरवायझर नावाचा प्रोग्राम ठरावीक काळाने वाचून पुसायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा. खूण हार्डवेअरने करायची आणि अर्थ सॉफ्टवेअरने लावायचा, ही वाटणी तेव्हापासूनची.

पण १९७७ साली डेक कंपनीने व्हॅक्स-११/७८० बाजारात आणलं, तेव्हा हा 'वापर झाला' बिट दिलाच नाही. पान बदललं का हे सांगणारा बिट होता, वाचलं का हे सांगणारा नव्हता. डेकच्या स्वतःच्या व्हीएमएस या सिस्टिमचं त्यावाचून अडत नव्हतं: जो आधी आला तो आधी बाहेर, मात्र बाहेर काढलेलं पान लगेच पुसायचं नाही, एका यादीत ताटकळत ठेवायचं, पुन्हा मागणी आली तर तिथूनच परत द्यायचं. बर्कलीतल्या ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय या दोन विद्यार्थ्यांना मात्र व्हॅक्सवरच्या युनिक्सला पानांची अदलाबदल शिकवायची होती, आणि त्यांना हव्या असलेल्या पद्धतीत नेमका तोच बिट लागत होता.

त्यांनी काय केलं ते मला आजही फार देखणं वाटतं. पेज टेबलात एक 'वैध' बिट असतोच: हे पान मेमरीत आहे, जा. त्यांनी मेमरीत असलेल्या पानाचा वैध बिट मुद्दाम पुसला. प्रोग्राम त्या पानाकडे गेला की यंत्र अडखळतं, 'पान नाही' अशी तक्रार कर्नलकडे येते. कर्नल आपल्या वहीत बघतो: पान तर इथेच आहे. म्हणजे आत्ता कुणीतरी ते वापरलं. वैध बिट परत लावायचा आणि प्रोग्रामला पुढे जाऊ द्यायचं. काही काळाने पुन्हा फेरी मारायची, अजूनही अवैध दिसणारी पानं म्हणजे कुणी न विचारलेली पानं. वाड्यातल्या खोल्यांना मुद्दाम कडी घालावी आणि सकाळी कुठल्या कड्या निघाल्यात ते पाहावं, तसा प्रकार. प्रत्येक कडी काढायला थोडा वेळ जातो, पण एकूण खर्च परवडण्याजोगा निघाला. १९७९च्या अखेरीस ही व्यवस्था थ्री-बीएसडीत बाहेर पडली आणि १९८१ साली त्यावरचा निबंध छापून आला. त्याच्या लांबलचक शीर्षकातच 'हा बिट नसलेल्या यंत्रावर' अशी कबुली आहे. पहिल्या अँड्रॉइड फोनांतल्या एआरएम प्रोसेसरवर लिनक्स हीच युक्ती वापरत होतं.

या युक्तीत एक गोष्ट लपलेली आहे, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. व्हॅक्सवरचा वैध बिट आता दोन गोष्टी सांगत होता: 'पान इथे नाही', किंवा 'पान आहे, पण मी पाळत ठेवलीय'. यातलं नेमकं कुठलं, हे बिटाकडे पाहून कळत नाही. ते दुसरीकडे, कर्नलच्या वहीत लिहिलेलं असावं लागतं. बर्कलीच्या जोडीने ते लिहून ठेवलं होतं.

लिनक्स जन्मलं तेव्हा सातबारा असा नव्हताच. १९९१च्या अखेरच्या ०.११ आवृत्तीत प्रत्येक पानामागे एक बाइट होता, त्यात किती जण हे पान वापरतात तो आकडा. १९९४च्या १.० आवृत्तीत दोन बाइट झाले, आणि सर्वांत वरचा बिट 'राखीव' म्हणून वेगळा काढला. ही लिनक्समधली पानाची पहिली खरी खूण. पुढे रकाने वाढत गेले आणि नव्वदचं दशक संपेपर्यंत फ्लॅग्जचा स्वतंत्र शब्द गजबजून गेला.

मग सुरू झाली काटकसर. २०११ साली पान मोकळं आहे हे सांगणारा 'बडी' नावाचा फ्लॅग काढून टाकला. आंद्रेआ आर्कांजेली यांचा युक्तिवाद असा की मोकळं पान कुणाच्याच पेज टेबलात नसतं, तेव्हा 'किती टेबलांत आहे' हा मोजणीचा रकाना अशा पानापुरता रिकामाच असतो. तिथे एक ठरावीक ऋण आकडा लिहा, झाली खूण. दुसरी युक्ती म्हणजे मालकाच्या मर्जीचा बिट. 'ओनर-प्रायव्हेट' नावाचा एक फ्लॅग आहे, त्याचा अर्थ पान ज्याच्या ताब्यात आहे त्याने ठरवायचा. फाइलसिस्टिमच्या लेखी त्याचा अर्थ 'तपासून झालंय', झेनच्या आभासी यंत्रात 'पिन केलेलं', आणखी कुठे आणखी काही. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो, ज्यात बँकेच्या बोज्यापासून कुळापर्यंत काहीही सापडतं. वाचणाऱ्याला गाव ठाऊक हवं, एवढंच.

या काटकसरीचा सर्वांत सुरेख नमुना डिसेंबर २०१६चा आहे. पानाला कुलूप लावणारा फ्लॅग आहे, लॉक्ड. कुलूप असताना दुसऱ्या कुणाला पान हवं असेल तर तो रांगेत झोपतो. कुलूप काढणाऱ्याने रांगेतल्याला उठवायचं. पण रांग ठेवायला नोंदीत जागा नाही, म्हणून रांगा दूर एका सामाईक तक्त्यात. परिणाम असा की दर वेळी कुलूप काढलं की तक्त्यापर्यंत जाऊन कुणी झोपलंय का ते पाहायचं, आणि बहुतेक वेळा तिथे कुणीच नसायचं. मोठ्या यंत्रांवर हा हेलपाटा महाग पडतो. निकोलस पिगिन यांनी सुचवलं: 'रांगेत कुणीतरी आहे' असा एक बिट ठेवू. बिट आणायचा कुठून? 'हे पान स्वॅप कॅशेत आहे' हा फ्लॅग त्यांनी मोकळा केला. स्वॅपमध्ये जाऊ शकणाऱ्या पानांना वेगळी खूण आधीच होती, तेव्हा ती खूण असेल तर मालकाच्या मर्जीच्या बिटाचा अर्थ 'स्वॅप कॅशेत' असा लावायचा. एक बिट सुटला.

त्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी दोन दिवसांत कळस चढवला. लॉक्ड हा बिट ० होता, नवा बिट त्यांनी त्याच बाइटाच्या सर्वांत वरच्या जागी, सातव्यावर नेला. बाइटाचा वरचा बिट लागलेला असला की प्रोसेसर ती संख्या ऋण समजतो, आणि प्रत्येक आकडेमोडीनंतर 'उत्तर ऋण आलं का' हे तो आपणहून टिपून ठेवतो. म्हणजे कुलूप काढायच्या एकाच आज्ञेत रांगेचंही उत्तर मिळतं, फुकट. कोडमध्ये त्या ओळीशेजारी आजही तंबी आहे की हा सातवाच बिट असला पाहिजे, लॉक्डच्याच बाइटात. फुकटात मिळालेलं काहीतरी बांधून ठेवतं ते असं.

त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर २०१६मध्ये, एका बिटाला दोन अर्थ दिल्याचा हिशेब जगाला चुकवावा लागला होता. 'डर्टी काऊ' हे त्या त्रुटीचं नाव. काऊ म्हणजे कॉपी-ऑन-राइट. एखादी फाइल तुम्हाला फक्त वाचायला दिलेली असते. तिच्या खासगी प्रतीत लिहायला गेलात तर कर्नल आधी पानाची नक्कल काढतो आणि नकलेत लिहू देतो, मूळ पान शाबूत. कर्नलच्या ज्या वाटेने हे व्हायचं तिथे मागणीबरोबर 'लिहायचं आहे' असा एक फ्लॅग जात असे. नक्कल निघाली की कर्नल हा फ्लॅग काढून टाकायचा. 'नक्कल निघाली आहे, आता परवानगीची हुज्जत नको' हे सांगायला वेगळी खूण नव्हती, म्हणून 'लिहायचं आहे' या खुणेच्या अभावालाच तो अर्थ दिला. मधल्या क्षणात दुसऱ्या धाग्याने ती नक्कल फेकून दिली तर? कर्नल पुन्हा पान शोधायला येतो, फ्लॅग नाही म्हणजे नुसतं वाचायचंय असं समजतो, मूळ पान हाती देतो, आणि त्यावर लिहिलं जातं. साधा वापरकर्ता सिस्टिमच्या फाइलीत लिहून यंत्राचा मालक होऊ शकत होता. २००७च्या २.६.२२ आवृत्तीपासून, सर्व्हरांवर आणि पुढे अँड्रॉइड फोनांवरही. इथे बिटांची टंचाई नव्हती हे सांगितलं पाहिजे. त्या फ्लॅग्जच्या शब्दात जागा होती. सवय तेवढी टंचाईतली होती.

टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबत लिहिलेली टिपण वाचण्यासारखी आहे. ही त्रुटी त्यांनी ११ वर्षांपूर्वी, २००५ साली दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, आणि तो आयबीएमच्या एस/३९० मेनफ्रेममुळे मागे घ्यावा लागला होता. खरी नक्कल निघाली का हे ओळखायला पेज टेबलातला 'बदललं' बिट पाहायचा, हा मार्ग. पण आयबीएमच्या परंपरेत, सिस्टिम/३७०पासून, तो बिट पेज टेबलात नसतोच. प्रत्यक्ष मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एक 'स्टोरेज की' असते, तिच्यात तो असतो. इंटेलने खूण रस्त्यावर ठेवली, आयबीएमने घरावर. रस्त्यावरची खूण वाचणारा कोड मेनफ्रेमवर आंधळा ठरला. २०१३ साली एस/३९०वर 'बदललं' बिट सॉफ्टवेअरने पेज टेबलात ठेवायला सुरुवात झाली. व्हॅक्सवरच्या कडीसारखीच ती युक्ती आहे: लिहायची परवानगी आधी द्यायचीच नाही, अडखळलं की नोंद करायची. अडसर गेला, पण २००५चा कागद पुन्हा कुणी उघडला नाही. २०१६ला उघडला तेव्हा 'नक्कल निघाली' असं सांगणारा वेगळा फ्लॅग आला आणि सोबत 'बदललं' बिटाची तपासणी.

६४ बिटी यंत्रांवर आता फ्लॅग्जचा शब्दही दुप्पट झालाय, म्हणून टंचाई संपली असं वाटेल. पण मोकळी जागा दिसली की भाडेकरू येतात: पान शेवटी कुठल्या प्रोसेसरने वापरलं, चुका पकडणाऱ्या साधनाची आठ बिटांची चिठ्ठी, वगैरे. मॅथ्यू विल्कॉक्स आणि मंडळींनी २०२२च्या ५.१६ आवृत्तीपासून 'फोलिओ' आणलेत. अनेक पानांची एक जुडी करायची आणि खुणा जुडीवर ठेवायच्या, म्हणजे पानामागची नोंद पुढेमागे ६४ बाइटांवरून ८ बाइटांवर आणता येईल, असा बेत आहे. त्या ओघात २०२४ साली 'स्लॅब' आणि 'एरर' हे जुने फ्लॅग निवृत्त झाले.

१९९४चा तो 'राखीव' मात्र अजून नोकरीत आहे. २०१९च्या सुमारास डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी त्याचा नेमका अर्थ काय ते हेडर फाइलमध्ये लिहून काढायला घेतलं. कर्नलची स्वतःची पानं, बूट होताना बाजूला काढलेली पानं, शून्यांनी भरलेलं सामाईक पान, मेमरीत जिथे प्रत्यक्ष काहीच नाही अशा भोकांची पानं, उपकरणांचे पत्ते… ती यादी एका बिटासाठी फारच लांब आहे. तिच्या सुरुवातीला सूचना आहे की असं पान मालकाखेरीज कुणी शक्यतो हाताळू नये. मालक कोण, ते त्या बिटावरून कळत नाही.