धोटा कुणाच्या हाती?

पुराणकथेवरचे चित्र पाहताना आधी देवाकडे पाहायचे, ही सवय आपल्या डोळ्यांना लावली गेली आहे. ती मोडल्याखेरीज संस्कृतीचा इतिहास आपल्या हाती लागणार नाही.

बरोक काळातील स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझ याचे ‘सूत कातणाऱ्या’ हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. ते १६५५ ते १६६० च्या दरम्यानचे. पुढे चरख्यावर बसलेली म्हातारी आणि पाठमोरी तरुण कामकरीण. मागे उजळलेल्या दालनात उंची वस्त्रांतल्या स्त्रिया, शिरस्त्राण घातलेली देवी मिनर्व्हा आणि तिच्यासमोर अरॅक्ने.

कथा रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली. अरॅक्ने रंगाऱ्याची पोर. कुळाचे नाव नाही. नाव झाले ते हातातल्या कसबाने. ती देवीशी विणकामाची पैज घेते आणि देवांनी स्त्रियांवर केलेले अत्याचारच कापडावर विणते. देवीलाही त्यात खोट सापडत नाही. तेव्हा देवी ते कापड फाडते, धोट्याने तिचे डोके फोडते आणि गळफास घेणाऱ्या अरॅक्नेला जाळे विणणारा किडा करून टाकते.

युरोपातले जाणकार दीर्घकाळ या चित्राला कारखान्यातल्या बायकांचे चित्र समजत होते. १६६४ च्या एका मालमत्तेच्या यादीतली ‘अरॅक्नेची कथा’ ही नोंद १९४८ साली उजेडात आली आणि अर्थ पालटला. मला हा पालट मोलाचा वाटतो. राबणाऱ्या बाईचे कौतुक कोणालाही परवडते. राबणारी जिंकली म्हणून मारली गेली, हे कबूल करणे परवडत नाही.

हा धोटा आपल्याही इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूतकताईत काम मिळे. जादा पगाराचे विणकाम खाते मात्र बंद. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण विणकराला विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. वर्गाची एकजूट सांगणाऱ्यांनाही तो सांगावा लागला, हे विसरता येत नाही.

मी पनवेलला इतिहास शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. वर्गात हे चित्र दाखवताना मी मुलांना सांगतो : आपल्या घामाला या व्यवस्थेने कधीच मज्जाव केला नाही. मज्जाव होता तो आपल्या कसबाला. म्हणून चित्र पुढून मागे वाचा. सूत कोणी कातले, धोटा कुणाच्या हाती होता, हे आधी विचारा. देवीकडे नंतर पाहा.