महासाथीनंतरची चित्रपटगृहे व निर्मितिसंस्था

कोविड-१९च्या महासाथीमुळे हिंदी-मराठी चित्रपटांचे निर्माते व प्रदर्शक यांच्यावर ओढवलेले आणि साथ ओसरल्यावरही न संपलेले आर्थिक संकट. महाराष्ट्रातील चित्रपटगृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या आसनांवर उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद पडली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा निम्म्याच आसनांवर सुरू झाली. या काळात प्रेक्षकाला घरबसल्या पाहण्याची सवय लागली आणि तो परतलाच नाही, असे कारण सर्रास दिले जाते. ते पटण्याजोगे नाही. दीड वर्षाहून अधिक काळ अडकलेल्या ‘सूर्यवंशी’ने नोव्हेंबर २०२१ मध्ये गर्दी खेचली, जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’मुळे हाऊसफुल्लचे फलक लागले, त्याच वर्षी ‘बाईपण भारी देवा’ला बायका नटूनथटून, घोळक्याने आल्या. तरीही ‘पठाण’नंतर चारच महिन्यांनी पीव्हीआर-आयनॉक्स या मल्टिप्लेक्स साखळीने तोट्यातले सुमारे ५० पडदे बंद करण्याचे जाहीर केले.

या विसंगतीचे मूळ चित्रपटांच्या टंचाईत आहे. भाडे, वीज आणि पगार हे खर्च चित्रपटगृहाला रोजचे. गर्दी खेचणारा चित्रपट मात्र वर्षात मोजक्या वेळा येतो. मधले शुक्रवार मध्यम खर्चाचे चित्रपट सावरत असत. महासाथीच्या काळात ‘गुलाबो सिताबो’, ‘शेरशाह’ यांसारखे चित्रपट थेट ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून घरी चित्रपट दाखवणाऱ्या मंचांवर गेले. अडकलेले भांडवल सोडवण्यासाठी निर्मात्यांना तो मार्ग धरावाच लागला, पण त्यातून अशा चित्रपटांसाठी थांबले तरी चालते, हे प्रेक्षकाच्या मनात ठसले. पुढे हिंदी चित्रपट आठ आठवड्यांनीच ओटीटीवर यावा असा आग्रह मल्टिप्लेक्सवाल्यांनी धरला; तोवर बराच उशीर झाला होता.

तिकिटे महाग झाली, हा आक्षेप खरा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये एक दिवस तिकीट ७५ रुपयांना दिले, तेव्हा चित्रपटगृहे भरली. पण स्वस्ताईलाही दाखवायला चित्रपट लागतोच. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ घरी ओटीटीवर पाहता येत होता. तरी सप्टेंबर २०२४च्या पुनःप्रदर्शनात त्याने २०१८च्या पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. घरच्या सवयीचा सिद्धान्त इथे कोसळतो. जुन्या चित्रपटांनी आठवडे भरण्याची वेळ यावी, ही नव्यांच्या तुटवड्याचीच खूण होय.

निर्मितिसंस्थांचेही भांडवल आटले. धर्मा प्रॉडक्शन्ससारख्या नावाजलेल्या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये निम्मा हिस्सा पुण्याचे उद्योगपती अदर पूनावाला यांच्या कंपनीला १,००० कोटी रुपयांना देण्याचा करार केला. मराठी निर्मात्याला असा आधार क्वचितच मिळतो. त्याचे बहुतेक चित्रपट लहान वा मध्यम खर्चाचे, म्हणजे नेमके ज्यांचे शुक्रवार हरवले त्यांतलेच. मल्टिप्लेक्समध्ये सोयीच्या वेळेचे खेळ मिळत नाहीत, ही त्याची तक्रार तर महासाथीच्याही आधीची आहे.